बोअरचे पाणी आणि फरशीचे सांधे : घरासाठी ग्राउटची निवड व भराई

फरशी बसवून झाली की दोन तुकड्यांमधली फट ज्या मिश्रणाने भरतात ते ग्राउट. फरशीला जागेवर धरून ठेवण्याचे काम ग्राउटचे नाही. ते खालच्या वाळू-सिमेंटच्या मालाचे किंवा ॲडहेसिव्हचे आहे. पाणी अडवण्याचे मुख्य कामही त्याचे नाही. ते फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचे आहे. ग्राउट फटीत माती, तेल आणि किडे शिरू देत नाही, फरशीच्या कडांना आधार देते, खाली झिरपणारे पाणी बरेच कमी करते आणि शेजारच्या दोन तुकड्यांची बारीकशी हालचाल सोसते. एवढ्या कामासाठी लागणारा माल मोजक्या किलोंचा असतो, म्हणून घर बांधताना त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. बहुतेक वेळा तो विचार रंगापुरताच असतो.

माहूरसारख्या गावात हा क्रम उलटा असायला हवा. इथे आणि एकूणच नांदेड-लातूर भागात घराघरांत बोअरचे पाणी आहे. ते काळ्या बेसाल्ट खडकातून येते आणि बहुतेक ठिकाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा ६०० मिलिग्रॅम दिली आहे. ज्या घरात गिझरची कॉइल दर वर्षी खारवते, नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे चढतात आणि डाळ शिजता शिजत नाही, तिथले पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा पलीकडे आहे असे समजून चालावे. सांध्याचे आयुष्य या पाण्यावर ठरते आणि त्याहून जास्त, या पाण्याचे डाग काढायला घरात काय वापरतात त्यावर ठरते.

रेणुकामातेच्या गडावर येणाऱ्या भाविकांमुळे माहुरात आणखी एक गोष्ट घडते. नवरात्र, दत्तजयंती, श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा अशा दिवसांत अनेक घरांतल्या दोन-चार खोल्या यात्रेकरूंना दिल्या जातात. चार माणसांसाठी बांधलेले न्हाणीघर तेव्हा दिवसभर ओले राहते आणि गर्दी ओसरली की एकदाच कडक साफसफाई होते. सांध्यावर एवढा मारा शहरातल्या फ्लॅटमध्येही सहसा होत नाही.

सांधा किती ठेवावा

शहाबादी फरशीच्या काळात हा प्रश्न फारसा कुणी विचारत नसे. कर्नाटकातून शहाबाद आणि पलीकडून तांडूर हे दोन्ही दगड या भागाला जवळचे. हाताने फोडलेल्या कडा वेड्यावाकड्या असत, मिस्त्री हाताला येईल तेवढी फट ठेवी आणि सिमेंटचा घोळ ओतून मोकळा होई. आता मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सच्या कडा यंत्राने घासून काटेकोर केलेल्या असतात. त्यामुळे ‘जॉइंटलेस’ काम करून द्या, असा हट्ट घरमालक धरतात आणि मिस्त्रीही फट एकसारखी ठेवणारे स्पेसर लावण्याच्या कटकटीतून सुटतो. माहूरच्या डोंगरात खडकात कोरलेल्या लेण्यांना सांधा नाही, हे खरे. तुकडे जोडून केलेल्या जमिनीला तो नाकारता येत नाही. टाइल्स एकमेकींना टेकवून बसवल्या की हालचालीला जागा उरत नाही. उन्हाळ्यात एखाद्या दुपारी मधल्या दोन ओळी तंबूसारख्या वर उचलल्या जातात, किंवा कडांचे टवके उडतात. शिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत कोणतेही ग्राउट खोलवर जात नाही. वर फक्त पापुद्रा बसतो आणि पहिल्या पावसाळ्यात निघून जातो.

कडा यंत्राने घासलेल्या टाइल्सना घराच्या आत किमान २ मि.मी., साध्या सिरॅमिक टाइल्सना ३ मि.मी., आणि गच्ची, अंगण किंवा ओसरीसारख्या उघड्या जागी ४ ते ५ मि.मी. सांधा ठेवावा. नैसर्गिक दगडाला, म्हणजे शहाबाद, कोटा, कडप्प्याला, कडा किती सरळ आहेत ते पाहून ३ ते ६ मि.मी. अंदाज घेण्यापेक्षा प्लॅस्टिकचे स्पेसर वापरणे केव्हाही चांगले. पाकीट पन्नास-शंभर रुपयांच्या आसपास मिळते आणि पुन्हा वापरता येते.

गच्चीचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. तीस फूट लांब गच्चीवर जानेवारीच्या पहाटे फरशी १५ अंशांवर असते. मे महिन्यात दुपारी ती ६० अंशांपर्यंत तापते. टाइलचा भाजलेला पदार्थ दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेसहा हजारांश मिलिमीटर फुगतो. म्हणजे ४५ अंशांच्या फरकात तीस फुटांची ओळ जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर लांबते. ही लांबी सिमेंटच्या सांध्यांत जिरत नाही. म्हणून उघड्या जागी दर ८ ते १२ फुटांवर आणि घरात दर २० ते २५ फुटांवर एक सांधा ग्राउटऐवजी लवचिक सीलंटने भरावा लागतो. त्याची जागा फरशी बसवण्यापूर्वीच मिस्त्रीला खडूने आखून द्यावी. नंतर सांगितले तर तो हो म्हणतो आणि ग्राउटच भरतो.

पैनगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत बांधलेल्या घरांना आणखी एक दुखणे आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरमाची भर नीट ठोकलेली नसेल तर तळमजल्याची जमीन दर वर्षी थोडी वरखाली होते. अशा जमिनीवर महागातले महाग ग्राउट भरले तरी ते तडकणारच. आधी जोते, मग ग्राउट.

कोणते ग्राउट

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ग्राउट मागितले तरी अनेकदा पांढऱ्या सिमेंटची पिशवी पुढे येते. पांढरे सिमेंट म्हणजे लोखंडाचा अंश अगदी कमी ठेवून भाजलेले सिमेंट. त्यात काव किंवा ऑक्साइड मिसळून रंग करतात. नुसत्या सिमेंटचा घोळ सुकताना आकसतो, सांध्याच्या कडेने केसासारखी भेग पडते, आणि पाणी शोषत राहतो. कपाटाखालच्या कोरड्या भिंतीला तो चालेल. ओल्या जागी चालणार नाही.

पाकिटातले सिमेंट ग्राउट याच्या एक पायरी वर असते. त्यात बारीक भुकटी, रंग आणि आकसणे कमी करणारी पॉलिमर पावडर कारखान्यातच मिसळलेली असते. ३ मि.मी.पर्यंतच्या सांध्याला वाळू नसलेले आणि त्याहून रुंद सांध्याला बारीक वाळू असलेले ग्राउट घ्यावे. रुंद सांध्यात वाळू नसलेले भरले तर ते तडकते. अरुंद सांध्यात वाळूचे भरले तर ते आत उतरत नाही, आणि चकचकीत टाइलवर ओरखडे उमटतात. पाण्याऐवजी द्रवरूप लॅटेक्स घालून कालवायचे ग्राउटही मिळते. गच्चीसाठी ते जास्त चांगले.

तिसरे इपॉक्सी. यात सिमेंट नसते. राळ, ती घट्ट करणारा हार्डनर आणि बारीक भरड अशा तीन पुड्या एकत्र कालवतात आणि त्यांच्या रासायनिक क्रियेने दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. सिमेंट आणि इपॉक्सी ग्राउटमधला फरक युरोपीय मानक ईएन १३८८८ मधल्या एका चाचणीवरून स्पष्ट दिसतो. ठरावीक आकाराचा तुकडा चार तास पाण्यात ठेवला तर साध्या सिमेंट ग्राउटला १० ग्रॅमपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे, सुधारित जलरोधी सिमेंट ग्राउटला ५ ग्रॅम आणि इपॉक्सीला ०.१ ग्रॅम. पाकिटावर याच क्रमाने सीजी १, सीजी २ (जलरोधी असल्यास पुढे डब्ल्यू) आणि आरजी अशी अक्षरे छापलेली असतात. नाव आणि जाहिरातीतले चित्र पाहण्यापेक्षा ही अक्षरे पाहावीत. आयएस १५४७७ हा क्रमांक दिसला तर तो टाइल ॲडहेसिव्हच्या मानकाचा आहे, ग्राउटचा नाही. दुकानदार पुष्कळदा दोन्हींची गल्लत करतात.

क्षार आणि ॲसिड

जड पाणी टाइलवर सुकले की मागे कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर राहतो. तो साबणाने जात नाही. मग बाटलीतले ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतले जाते. फेस येतो, थर विरघळतो, टाइल चमकते. आता सांध्याकडे पाहावे. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचेही कॅल्शियम कार्बोनेट होत जाते. म्हणजे वरचा क्षार आणि सांध्यातला माल हे रसायनाच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक आहेत आणि ॲसिड दोघांनाही सारखेच खाते. त्यातून तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून वाहून जाते.

पहिल्या काही वेळा हे डोळ्यांना दिसत नाही. सांधा फक्त खरखरीत होतो. खरखरीत सांध्यात मळ जास्त बसतो, मळ बसला म्हणून ॲसिड जास्त पडते, आणि वर्ष-दोन वर्षांत सांधा टाइलच्या पातळीखाली जातो. मग सांडपाण्याच्या जाळीभोवतीच्या सांध्यांतून पाणी खाली उतरू लागते. खालच्या खोलीच्या स्लॅबला पिवळसर ओल दिसते आणि दोष प्लंबरला दिला जातो. शहाबाद, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड असल्याने तिथे ॲसिड सांध्याबरोबर दगडही खाते. पॉलिश केलेल्या शहाबादीवर ॲसिडचा थेंब पडला की तिथे कायमचा मंद डाग राहतो.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकापाठोपाठ एकही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

या सगळ्यातून निघणारा निर्णय साधा आहे. बोअरचे जड पाणी आहे आणि ॲसिडची सवय सुटणार नाही, अशा घरात न्हाणीघर, संडास आणि मोरी यांच्या जमिनीला व भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना इपॉक्सीच भरावे. महाग पडेल म्हणून अनेक जण मागे सरतात. प्रत्यक्षात लागते किती ते पाहिले की भीती कमी होते.

हिशेबाचे सूत्र असे : टाइलच्या लांबी-रुंदीची बेरीज भागिले लांबी-रुंदीचा गुणाकार, गुणिले टाइलची जाडी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले १.६. सगळी मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. उत्तर दर चौरस मीटरला किती किलो ते येते. पाच बाय सात फुटांचे न्हाणीघर घेऊ. जमिनीवर ३०० बाय ३०० ची ८ मि.मी. जाड टाइल आणि ३ मि.मी. सांधा असेल तर चौरस मीटरला सुमारे पाव किलो, म्हणजे ३५ चौरस फुटांना जेमतेम ८५० ग्रॅम. भिंतीवर ३०० बाय ४५० ची ८ मि.मी. जाड टाइल, २ मि.मी. सांधा आणि सात फूट उंची धरली, दार वजा केले, तर दीडशे चौरस फुटांना दोन किलो. नासधूस धरून सगळे मिळून सव्वातीन किलो. म्हणजे पूर्ण न्हाणीघर इपॉक्सीने भरायला एक-एक किलोची चार पाकिटे पुरतात. याउलट हॉलमध्ये ६०० बाय ६०० ची ९ मि.मी. टाइल २ मि.मी. सांध्याने बसवली तर हजार चौरस फुटांना नासधूस धरून साडेनऊ-दहा किलो लागते, आणि तिथे इपॉक्सीची गरज नसते. खरा खर्च मालापेक्षा मजुरीचा आहे, कारण इपॉक्सी भरणारा सरावाचा माणूस लागतो.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. हॉल व झोपण्याच्या खोल्यांना चांगले पॉलिमर सिमेंट ग्राउट पुरे. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला हळद, तेल आणि फोडणीचे शिंतोडे सोसायचे असतात. तिथे दोन ओळींपुरते का होईना इपॉक्सी असावे. हळदीचा डाग ऊन लागले तर फिकट होतो, पण ओट्यामागे ऊन येत नाही. देवघराच्या जमिनीवर तेल, कुंकू आणि प्रसादाच्या तांबुलाचा रस पडतो. रेणुकामातेच्या गडावरून आणलेला कुटलेला तांबूल परातीतून सांडला तर काथाचा तांबडा रंग सिमेंटच्या सांध्यात मुरतो आणि घासून निघत नाही. देवघर छोटे असते, तेवढ्यापुरते इपॉक्सी परवडते. गच्चीवर मात्र पांढरे किंवा फिकट इपॉक्सी वापरू नये. उन्हाने ते पिवळे पडते. तिथे लॅटेक्स घातलेले सिमेंट ग्राउट आणि मघाशी सांगितलेले लवचिक सांधे.

रंगाबद्दल एवढेच पुरे : टाइलपेक्षा किंचित गडद करडा किंवा मातकट रंग सगळ्यात जास्त काळ बरा दिसतो. पांढरा मळतो. काळ्या किंवा गडद तपकिरी सिमेंट ग्राउटवर जड पाण्याचा पांढरा लोणा चटकन उठून दिसतो.

भरण्यापूर्वी

ॲडहेसिव्हवर बसवलेली फरशी किमान २४ तास, आणि वाळू-सिमेंटच्या मालावर बसवलेली आठवडाभर तरी मोकळी ठेवावी. मालातले पाणी बाहेर पडायला सांधा हीच वाट असते. ती घाईने बुजवली तर ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि ग्राउटवर ढगाळ पांढरे पट्टे पडतात. आज फरशी आणि संध्याकाळी ग्राउट, हा उरकण्याचा प्रकार ठेक्याच्या कामात सर्रास चालतो. तो चालू देऊ नये.

न्हाणीघरात फरशी बसवण्याच्या आधीच वॉटरप्रूफिंगवर दोन इंच पाणी साठवून २४ ते ४८ तास ठेवावे आणि खालच्या स्लॅबवर ओल येते का ते पाहावे. उतार जाळीकडे फुटाला सुमारे ३ मि.मी. असावा. साठलेल्या पाण्याखाली सिमेंटचे ग्राउट फार काळ नीट राहत नाही.

मग प्रत्येक टाइलवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून पाहावी. पोकळ वाजणारी टाइल आताच काढून बसवावी. सांध्यात वर आलेला माल टोकदार पट्टीने किंवा हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने खरवडून काढावा. टाइलच्या जाडीच्या दोनतृतीयांश तरी सांधा रिकामा हवा. स्पेसर काढून टाकावेत. धूळ ब्रशने आणि शक्यतो व्हॅक्यूमने काढावी. दगड आणि खरखरीत टाइल असेल तर एका कोपऱ्यात आधी थोडे ग्राउट लावून पुसून पाहावे. रंग दगडात शिरत असेल तर आधी सीलर लावावा किंवा कडांना कागदी टेप चिकटवावी.

सिमेंट ग्राउट भरताना

पाकिटावर लिहिलेले पाणी मापाच्या बाटलीने मोजून घ्यावे. बहुतेक बिघाड इथेच होतो. घोळ पातळ केला की तो फटीत पटकन ओघळतो, मिस्त्रीचे काम हलके होते, आणि जास्तीचे पाणी उडून गेल्यावर सांधा भुसभुशीत, फिकट व खड्ड्याखड्ड्यांचा होतो. शक्य असेल तर कालवायला बोअरऐवजी आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. दोन-चार लिटरचा प्रश्न असतो. आधी पाणी, मग हळूहळू भुकटी घालावी, गुठळ्या मोडाव्यात, पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे आणि पुन्हा एकदा ढवळावे. तयार मिश्रण दातांच्या पेस्टसारखे घट्ट हवे. घट्ट होऊ लागले म्हणून वरून पाणी घालू नये. अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे.

कोरड्या हवेत सांधे स्पंजने किंचित ओलसर करावेत. पाणी साचू देऊ नये. माहुरात मार्च ते जून कोरडे वारे असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. त्या दिवसांत तापलेली टाइल ग्राउटमधले पाणी ओढून घेते, सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही आणि भुकटी जशीच्या तशी सुटते. अशा वेळी काम सकाळी नऊच्या आत संपवावे. गच्चीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून पहाटे सुरुवात करावी, वर शेडनेट किंवा ताडपत्री बांधावी.

रबरी फ्लोटने मिश्रण सांध्यात दाबून भरावे, आणि मग फ्लोट सांध्याला तिरका, सुमारे ४५ अंशांत धरून वरचे जास्तीचे खेचून घ्यावे. सांध्याच्या दिशेनेच ओढले तर रबराची कड आत बुडते आणि माल उपसून निघतो. एका वेळी पंधरा-वीस चौरस फूट पुरे. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहावे; बोटाला चिकटेना झाले की पिळून काढलेल्या ओल्या स्पंजने हलक्या हाताने गोल फिरवत पुसावे. दर दोन-तीन पुसण्यांनंतर स्पंज स्वच्छ धुवावा आणि बादलीतले पाणी बदलत राहावे. गढूळ पाण्याने पुसले की टाइलवर धुके राहते. सुकल्यावर उरलेले धुके दुसऱ्या दिवशी कोरड्या सुती फडक्याने निघते. तिथेही ॲसिड नको.

पुढचे तीन-चार दिवस उघड्या जागी सकाळ-संध्याकाळ हलके पाणी शिंपडावे किंवा ओली गोणपाटे टाकावीत. एक दिवस त्यावर चालू नये आणि आठवडाभर न्हाणीघर वापरू नये. घरात एकच न्हाणीघर असेल तर यात्रेच्या दिवसांआधी हे काम काढण्यात अर्थ नाही. दोन आठवड्यांचा मोकळा काळ निवडावा.

इपॉक्सी भरताना

इपॉक्सीचे पाकीट अर्धे-अर्धे करून कालवू नये. तिन्ही घटकांचे प्रमाण कारखान्यात बांधलेले असते. अंदाजाने अर्धे केले की कुठे चिकट राहते, कुठे ठिसूळ होते. आधी राळ आणि हार्डनर एकजीव करावेत, मग भरड घालावी. हातात रबरी मोजे हवेत, खिडकी उघडी हवी. मिश्रण घमेल्यात गोळा करून ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होते. म्हणून कालवल्याबरोबर ते टाइलवर पसरून टाकावे. उन्हाळ्यात पाकिटे रात्रभर थंड खोलीत ठेवावीत, गाडीच्या डिकीत नाही. डिसेंबरच्या थंडीत उलट होते. राळ जाड होते आणि फिरत नाही. तेव्हा बंद पुड्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवाव्यात.

सांधे इथे पूर्ण कोरडे हवेत. भरण्याची पद्धत तीच, मात्र पुसण्यात चूक चालत नाही. सिमेंटचे धुके नंतरही निघते. इपॉक्सीची पातळ फिल्म रात्रभर राहिली तर ती टाइलवर वार्निशसारखी घट्ट बसते. एका वेळी दहा-बारा चौरस फूटच भरावे आणि लगेच, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ नायलॉन घासणीने पहिले पुसणे करावे. त्यानंतर स्वच्छ पाण्याने दुसरे. दोन माणसे असावीत. एकाने भरावे, दुसऱ्याने त्याच्या मागोमाग पुसत यावे. एकट्या मिस्त्रीने पूर्ण न्हाणीघर भरून मग पुसायला घेतले तर पहिल्या भिंतीवरची फिल्म तोवर हाताबाहेर गेलेली असते. खरखरीत अँटीस्किड टाइलवर तर हे काम फार सावकाश करावे लागते, आणि त्या मजुरीचा भाव आधीच ठरवावा.

कोपरे

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, दोन भिंती जिथे काटकोनात येतात, कमोडच्या बुडाशी, जाळीच्या चौकटीभोवती आणि दाराच्या उंबऱ्याशी ग्राउट भरू नये. या जागा वेगवेगळ्या दिशांनी हलतात आणि कडक माल तिथे सहा महिन्यांत सुटतो. सिलिकॉन सीलंट भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. टाइलला ते चालते, पण शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवराला लागून न्यूट्रल प्रकारचेच घ्यावे. कोपरा पूर्ण कोरडा असताना दोन्ही बाजूंना टेप लावून भरावे, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवावे आणि सिलिकॉन ओले असतानाच टेप काढावी. चोवीस तास पाणी लागू देऊ नये.

जुने सांधे

दुरुस्तीपूर्वी बिघाड कशाचा आहे ते ओळखावे. सांधा खोल गेला आहे, नखाने खरवडला तर वाळू सुटते आणि हे फक्त न्हाणीघरातच आहे, तर ॲसिडचा परिणाम समजावा. सगळीकडे टाइलच्या कडेने केसासारखी भेग असेल तर घोळ पातळ होता किंवा नुसते पांढरे सिमेंट भरले होते. एकच भेग सरळ रेषेत पाच-सहा सांधे ओलांडून जाते, मधे एखादी टाइलही चिरते, तेव्हा जमीन किंवा स्लॅब हलतो आहे. तिथे ग्राउटवर पैसे घालण्याआधी बांधकामाच्या जाणत्या माणसाला दाखवावे. खालच्या छताला ओल असेल आणि फरशीखाली वॉटरप्रूफिंगच नसेल, तर वरून इपॉक्सी भरल्याने गळती काही महिने मंदावेल, थांबणार नाही.

नुसते सांधेच गेले असतील तर जुना माल टाइलच्या जाडीच्या दोनतृतीयांशापर्यंत काढून नवा भरावा. वरून दिलेला पातळ थर टिकत नाही. अरुंद सांध्यात ग्राइंडर चालवताना टाइलची कड उडण्याचा धोका असतो. सांधे खरवडण्याची हाताची रेक किंवा हॅक्सॉचे पाते सावकाश पण सुरक्षित. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. न्हाणीघर दोन-तीन दिवस पंखा लावून पूर्ण वाळवावे, मगच इपॉक्सी भरावे.

रोजच्या निगेत सर्वांत उपयोगी वस्तू रबरी वायपर आहे. आंघोळ झाल्यावर भिंतीवरून आणि जमिनीवरून एकदा वायपर फिरवला तर पाणी सुकायला थांबतच नाही, आणि क्षाराचा थर बसायला काही उरत नाही. आठवड्यातून एकदा साधा साबण आणि मऊ ब्रश. लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल ॲसिडपेक्षा सौम्य असले तरी आम्लच आहे; इपॉक्सीच्या सांध्यावर आणि ग्लेज टाइलवर ते क्वचित वापरले तर चालते, सिमेंटच्या सांध्यावर आणि चुनखडीच्या दगडावर नाही. यात्रेकरूंना दिलेल्या खोल्या साफ करणाऱ्या बाईंना किंवा पोऱ्याला हे नीट सांगावे लागते, कारण ॲसिडची बाटली बहुधा त्यांच्याच हाती असते. काम संपल्यावर सिमेंट ग्राउटचे एक न फोडलेले पाकीट हवाबंद डब्यात जपून ठेवावे आणि त्यावरचा कंपनीचा शेड-क्रमांक व बॅच क्रमांक घराच्या कागदांत लिहून ठेवावा. दोन वर्षांनी एक टाइल बदलायची वेळ आली तर तोच रंग नांदेडच्या दुकानातही सहज जुळत नाही.